पहिला मुक्कामी रेंज ट्रेक: रतनवाडी ते खिरेश्वर, चार दिवसांची आखणी

मुंबईतून सह्याद्रीत भटकणाऱ्या बहुतेकांची सुरुवात एका दिवसाच्या ट्रेकनं होते. पेब, माहुली, हरिहर, कळसूबाई. पहाटेची लोकल, दुपारी माथा, रात्री घरी. असे काही ट्रेक गाठीशी जमले की एक डोंगर चढून परत फिरण्याऐवजी रांगेतूनच चालत जावं, रात्रीही डोंगरातच काढाव्यात, असं वाटू लागतं. ते वाटणं रास्त आहे, पण त्यासाठी डोक्यातला हिशेब बदलावा लागतो. चार दिवसांचा ट्रेक म्हणजे एका दिवसाचे चार ट्रेक ओळीनं लावणं नव्हे. एका दिवसाच्या ट्रेकमध्ये काहीही बिनसलं तरी संध्याकाळी घर असतं. मुक्कामी ट्रेकमध्ये पहिल्या दिवशी चावलेला बूट चौथ्या दिवसापर्यंत चावत राहतो आणि दुपारी संपलेलं पाणी रात्रीच्या भातालाही नसतं.

म्हणून आखणी शिखरापासून सुरू करू नका. आधी पाणी शोधा, मग बाहेर पडायच्या वाटा शोधा, आणि त्यात जे बसतील तेवढेच डोंगर घ्या. उदाहरणासाठी मी रतनवाडी–रतनगड–कात्राबाई खिंड–कुमशेत–पाचनई–हरिश्चंद्रगड–खिरेश्वर हा जुना, नावाजलेला मार्ग घेतला आहे. अकोले तालुक्यातलं हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. दाट जंगल, दोन मोठे किल्ले, एक मोठी खिंड असं सगळं यात आहे, आणि तरीही पहिल्या रेंज ट्रेकला झेपेल असा हा मार्ग आहे. अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांचा मोह होईल. तो आत्ता आवरा, तिथे दोर लावून चढायचे कातळटप्पे आहेत.

पाणी आणि परतीच्या वाटा

नकाशा पसरा आणि त्यावर दोनच प्रकारच्या खुणा करा. निळ्या पेन्सिलीनं पाणी, लाल पेन्सिलीनं गाडी येते ती गावं. या मार्गावर लाल खुणा रतनवाडी, कुमशेत, पाचनई आणि खिरेश्वर इथे पडतात. म्हणजे पहिल्या रात्रीनंतर रोज एकदा तरी तुम्ही गाडीरस्त्याला लागता. कुणाचा गुडघा सुजला, कुणाला ताप भरला, तर त्याला राजूरमार्गे बाहेर काढता येतं. नवख्यांनी हा मार्ग निवडावा असं मी म्हणतो त्यामागचं मोठं कारण हेच. ज्या मार्गावर दोन दिवस एकही लाल खूण पडत नाही, तो कितीही देखणा असला तरी पहिल्यांदा नको.

या मार्गावरचा सर्वांत लांब एकांत म्हणजे रतनगड ते कुमशेत, मध्ये कात्राबाईची खिंड. इथे घड्याळ पाहून निर्णय घ्यायचा असतो आणि तो घरी बसूनच ठरवून ठेवायचा. माझं मत: दुपारी साडेबारापर्यंत खिंडीत पोचला नाहीत तर मागे वळा आणि रतनवाडीत उतरा. खिंडीपलीकडचं रान दाट आहे आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. झाडीत त्याच्याही अर्धा तास आधी अंधारतं. दमलेल्या माणसांकडून संध्याकाळी चारला डोंगरात शहाणे निर्णय होत नाहीत, म्हणून ही वेळ कागदावर लिहा आणि गटातल्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगा.

पाण्याचं गणित थोडं फसवं आहे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते घाटघर याच परिसरात आहे. पावसाळ्यात इथे ढगफुटीसारखा पाऊस पडतो, पण खाली काळा कातळ. पाणी मुरायला जागा कमी, सगळं धो धो वाहून जातं. म्हणून सप्टेंबरात खळाळणारे ओढे फेब्रुवारीत कोरडे दिसले तर नवल नाही. इंटरनेटवरच्या फोटोत ओढा भरलेला दिसतो, तो फोटो कुठल्या महिन्यातला आहे ते पाहा. त्याहून खात्रीचं म्हणजे निघण्याच्या आठवडाभर आधी गावात फोन करून विचारणं: "दादा, खिंडीच्या अलीकडच्या ओढ्याला पाणी आहे का?" उत्तर "असंल" असं आलं तर ते नाही असं धरून चाला.

दर माणशी चालताना तीन लिटर पाणी जवळ असावं. मुक्कामी पिण्यासाठी आणि बाकीच्या गरजांसाठी मिळून आणखी तीन-चार लिटर लागतं. गडावरच्या टाक्यांपैकी पिण्याचं टाकं कुठलं ते वाटाड्याला विचारून घ्या. ते पाणीही फडक्यातून गाळून घ्या आणि क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. टाक्यात हात-पाय किंवा भांडी धुऊ नका. त्याच टाक्यावर तुमच्या मागून येणारे आणि गावचे गुराखी अवलंबून असतात.

केव्हा जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. फेब्रुवारीतही जाता येतं, पण पाण्याची खात्री करून. पावसाळ्यात हा मार्ग नवख्यांसाठी नाही: धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, ओढे तासाभरात फुगतात आणि मधेच अडकलात तर पाणी उतरेपर्यंत बसून राहावं लागतं. ऑक्टोबरात गवत छातीपर्यंत असतं, पायवाट त्यात बुडालेली असते आणि उकाडा जीव काढतो. मार्चनंतर वणव्यांची भीती.

शनिवार-रविवारी आणि ३१ डिसेंबरला हरिश्चंद्रगडावर जत्रा असते. ऑफिसातून रजा मिळत असेल तर मंगळवार ते शुक्रवार करा, म्हणजे गडावर पोचाल तो दिवस गुरुवार येईल. लागून आलेल्या सुट्ट्यांचा हट्ट सोडलात तर ट्रेक निम्म्यानं सोपा होतो.

हे अभयारण्य आहे. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेशाची पावती फाडावी लागते, आणि तंबू कुठे लावायचा, कुठे नाही हे त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं. नियम बदलत असतात, म्हणून निघण्याआधी विचारा. शेकोटीचा विषय डोक्यातून काढून टाका. वाळलेल्या गवतावर उडालेली एक ठिणगी अख्खा डोंगर खाते.

शरीराची तयारी: आठ आठवडे

जिममध्ये कमावलेल्या दंडांचा इथे फारसा उपयोग नाही. लागतात त्या मांड्या, गुडघे आणि पाठ. आणि त्यासाठी मुंबईत फुकटचं साधन घरोघर आहे: जिना. रतनवाडीतून रतनगडाचा चढ साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटरचा आहे. इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला तर २० मजली इमारत दहा वेळा चढली की तेवढी उंची होते. पहिल्या आठवड्यात रिकाम्या पाठीनं तीन फेऱ्या, मग हळूहळू वाढवत आठव्या आठवड्यात सॅक पाठीवर घेऊन आठ ते दहा. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा, म्हणजे गुडघ्यानं कुरकुर केली तर पाणी ओतून ओझं तिथल्या तिथे कमी करता येतं. खाली येताना लिफ्ट घेऊ नका. मोठ्या ट्रेकमध्ये माणसं चढताना दमतात आणि उतरताना जायबंदी होतात, त्यामुळे उतरण्याची सवय चढण्याइतकीच हवी.

मधल्या रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जा आणि चालत परत या. आणि निघायच्या तीनेक आठवडे आधी एक परीक्षा द्या: आसनगावला उतरून माहुली, पूर्ण भरलेली सॅक घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दोन तास जिना. पहिल्या दिवशी माहुली कशी झाली याला फार महत्त्व नाही. दुसऱ्या दिवशी पाय उचलतात का, ते बघायचं आहे. गटातल्या ज्याला हे जमलं नाही त्याला या वेळी घरी थांबायला सांगणं अवघड जातं, पण सांगा. कात्राबाईच्या खिंडीत त्याची सॅक दुसऱ्या कुणाला तरी वाहावी लागली तर दोघंही दमतात.

गट चार ते आठ जणांचा. चारपेक्षा कमी असतील तर एक जखमी, एक त्याच्याजवळ आणि मदत आणायला एकटाच जाणारा, अशी वेळ येते. आठच्या वर रांग इतकी लांबते की पुढचा ओढ्यावर पोचतो तेव्हा मागचा अजून चढावरच असतो.

सॅक

पन्नास ते साठ लिटरची सॅक पुरते. पाण्यासकट वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. साठ किलोच्या माणसाला बारा किलो. तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट विकत घ्यायची घाई नको. मुंबईत हे सगळं भाड्यानं मिळतं. पैसे खर्चायचेच असतील तर बुटांवर खर्चा. तळव्याला खोल खाचा असलेले, कातळावर न घसरणारे बूट हवेत, आणि ते निघायच्या आधी निदान महिनाभर पायात हवेत. मुंबईच्या ट्रेकर मंडळींत वर्षानुवर्षं चालत आलेले अ‍ॅक्शन कंपनीचे साधे बूट या कातळावर चांगले धरतात. महागड्या बुटांमागे लागलंच पाहिजे असं नाही.

सॅक भरायची रीत अशी. आधी आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे दव असो वा अवकाळी सर, आतलं कोरडं राहतं. तळाला स्लीपिंग बॅग, कारण ती रात्रीच लागते. तिच्यावर पाठीला चिकटून जड वस्तू: शिधा, पाणी, तंबू. जडपणा पाठीपासून जितका दूर जाईल तितकी सॅक तुम्हाला मागे ओढते, आणि शिडीवर किंवा कातळात ते ओढणं धोक्याचं असतं. बाहेरच्या बाजूला हलके कपडे. वरच्या कप्प्यात हेडटॉर्च, औषधं, शिट्टी, दुपारचं खाणं. बाहेर लोंबणारं काहीही नको. चहाचा मग, चपला, मॅट असं लटकवून गेलात तर कारवीच्या रानात पावलोपावली अडकाल. कमरेचा पट्टा आवळून बांधा. वजन कमरेवर यायला हवं, खांद्यावर राहिलं तर दुसऱ्या दिवशी मान वळत नाही.

कपडे कमी घ्या: चालायचा एक जोड, झोपायचा कोरडा एक जोड, मोज्यांचे तीन जोड. झोपायचे कपडे चालताना घालायचे नाहीत, कितीही वाटलं तरी. जानेवारीत रात्री पारा दहा अंशांखाली जातो आणि वारा असतो. मुंबईकराच्या अंगाला त्याची सवय नसते. कानटोपी आणि जाड स्वेटर घ्याच. चालायला पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट. हाफ पँट समुद्रकिनाऱ्यावर ठीक आहे, करवंदीच्या जाळीत नाही.

औषधांच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं भरपूर, पट्ट्या, क्रेप बँडेज, अँटिसेप्टिक, ताप-अंगदुखीची गोळी, जुलाबाचं आणि ॲलर्जीचं औषध, चिकटपट्टीचं एक बंडल, आणि ज्याची त्याची नेहमीची औषधं. कुणाला दमा, मधुमेह किंवा फिट्सचा त्रास असेल तर ते गटात सगळ्यांना माहीत हवं. यात लाजायचं काही नाही.

खाणं

कँपिंगचा छोटा गॅस घेऊन लोकलमध्ये चढणं रेल्वेच्या नियमात बसत नाही, आणि अभयारण्यात चूल मांडायची नाही. म्हणून माझा सल्ला असा: जेवण गावात, आणि पाठीवर न शिजवता खाता येईल असं. रतनवाडी, कुमशेत, पाचनईला घरगुती जेवण मिळतं. आधी फोन करून किती माणसं, किती वाजता ते सांगा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता भात. दिवसभर चालून आलेल्याला यापरतं काय हवं. ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. तो भात त्यांच्याच खाचरातला असतो.

पाठीवर दशम्या घ्या. दुधात भिजवलेल्या, नीट भाजलेल्या दशम्या थंडीत तीन दिवस टिकतात. गुळपोळ्या त्याहून जास्त. शिवाय शेंगदाण्याची चटणी, खजूर, चिक्की, सुकी भेळ, सातूचं पीठ. सातू-गूळ पाण्यात कालवला की आग न पेटवता पोटभर नाश्ता होतो. दर तासाला काहीतरी तोंडात टाका, भूक लागायची वाट पाहू नका. बिस्किटांचे पुडे आणि इन्स्टंट नूडल्स यांच्यावर चार दिवस काढायचा बेत असेल तर तो बदला. जीभ खूश होते, पाय होत नाहीत. एका वेळचं खाणं जास्तीचं ठेवा, शेवटच्या दिवसापर्यंत न उघडता.

चार दिवस

रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडा किंवा पहाटेची. रात्री जाऊन स्टेशनावर अर्धवट झोप काढण्यापेक्षा पहाटेची बरी, असं माझं ठाम मत आहे. कसाऱ्याहून ठरवलेली जीप इगतपुरी, घोटी, शेंडी करत भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडीत दोन-अडीच तासांत सोडते.

पहिला दिवस: रतनवाडीत शिलाहारकालीन अमृतेश्वराचं मंदिर आहे. कोरीवकाम पाहायला अर्धा तास ठेवा, घाईघाईत उरकू नका. मग गडाची वाट. हे जंगल दाट आहे आणि वाटेत एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे जातो. तो नीट पाहून ठेवा, दुसऱ्या दिवशी तिथेच परत यायचं आहे. फोटो काढा, आणि उलट दिशेनं येताना फाटा कसा दिसेल हे मागे वळून पाहा. दोन्ही बाजूंनी एकच जागा ओळखू येत नाही, हा डोंगरातला नेहमीचा घोळ आहे.

वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या लागतात. सॅक घेऊन शिडी चढताना घाबरून माणसं शिडीला छाती चिकटवतात, मग पायाखालचं दिसत नाही. शरीर शिडीपासून वीतभर दूर ठेवा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले, चौथाच हलणार. पाऊल पायरीच्या मधोमध न टाकता कडेला, जिथे ती उभ्या दांड्याला जोडलेली आहे तिथे टाका. एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. खाली थांबलेल्यांनी शिडीच्या अगदी खाली उभं राहायचं नाही, वरून दगड सुटतो. उतरतानाही तोंड डोंगराकडेच. गणेश दरवाज्याजवळ मुक्कामाची गुहा आहे. प्रवरा याच डोंगरावर उगम पावते, आणि माथ्यावर कातळाला आरपार पडलेलं नेढं आहे. संध्याकाळी नेढ्यात बसायला जा, पण हेडटॉर्च घेऊन आणि उजेड आहे तोवर परत.

दुसरा दिवस सगळ्यात मोठा. झुंजूमुंजू होताच निघा, सातनंतर नाही. फाट्यापर्यंत उतरायचं, मग कात्राबाईच्या दाट रानातून खिंडीचा चढ आणि पलीकडे कुमशेतचा लांबलचक उतार. सहा-सात तास चाल, विश्रांती वेगळी. या दिवसासाठी रतनवाडीतून वाटाड्या घ्याच. ढोरवाटा इतक्या आहेत की फोनवरचा ट्रॅक असूनही माणूस भलत्या वाटेला लागतो, कारण झाडीत जीपीएस हलतं आणि दोन वाटांमधलं अंतर कधी कधी पाच पावलांचंच असतं. वाटाड्या मामांशी मजुरी आधी बोलून घ्या, त्यांच्या परतीचे पैसे धरून. ते सांगतील तिथे थांबा, सांगतील तेव्हा उठा. हिरडा कुठला, बेहडा कुठला, कारवी कशाला लागते हे विचारलंत तर ते खुलतात, आणि चालही कळत नाही. कुमशेतला कुणाच्या तरी खळ्यावर किंवा अंगणात विचारून तंबू लावा. पहिल्या ट्रेकला जंगलाच्या मधोमध तंबू ठोकायची हौस नको. मुळा नदीच्या खोऱ्यातलं हे गाव आजोबा नावाच्या डोंगराच्या कुशीत आहे, इथली रात्र कुठल्याही कँपसाइटपेक्षा सरस.

तिसरा दिवस: कुमशेत ते पाचनई आणि वर हरिश्चंद्रगड. पाचनईपर्यंत ऊन लागतं, म्हणून हाही दिवस लवकर सुरू करा. पाचनईतून गड दोन-अडीच तासांचा, वाट मळलेली. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आणि केदारेश्वराच्या गुहेतलं पाण्यातलं मोठं शिवलिंग पाहा. पाणी बर्फासारखं गार असतं, दमल्या अंगानं उतरू नका. कोकणकड्यावर सूर्यास्ताला सगळेच जातात. हा कडा आतल्या बाजूला खोल वाकलेला आहे, म्हणजे कडेला उभं राहिल्यावर पायाखाली नुसता पातळ ओठ असतो. खाली डोकवायचंच असेल तर पालथं पडून, आणि मागून कुणीतरी पाय धरून. तंबू कड्यापासून लांबच हवा. इथे वारा उलटा, खालून वर येतो.

चौथा दिवस: टोलार खिंडीनं खिरेश्वर. वरच्या भागात कातळातून उतरायचे काही टप्पे आहेत, रेलिंग असली तरी तिच्यावर सगळा भार टाकू नका. तीन-चार तासांत गाव. तिथून जलाशयाच्या कडेनं पाच-सहा किलोमीटर चालून किंवा जीपनं खुबी फाटा, आणि माळशेज घाटातून जाणारी कल्याणची एसटी. नळीची वाट, साधले घाट यांची नावं गडावर ऐकाल. त्या वाटा पुढच्या वर्षासाठी ठेवा.

रानात काय जपायचं

लोक विचारतात बिबट्याचं, पण त्रास होतो खाजकुइलीचा. हिवाळ्यात वाटेकडेला वेलीवर सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा लोंबतात. त्यावरची लव अंगाला लागली की माणूस अक्षरशः नाचतो. खाजवू नका, हातानं पुसूही नका, लव पसरते. त्या जागेवर चिकटपट्टी दाबून ओढून काढा, पुन्हा पुन्हा. कपडे बदला. वाटाड्या पुढे असेल तर तो आधीच ओरडून सांगतो.

त्याहून गंभीर म्हणजे आग्या मोहोळ. कड्यांना आणि उंच झाडांना लटकलेली पोळी दिसली तर आवाज न करता लांबून जा. अत्तर, डिओडरंट, उग्र वासाचं तेल घरीच ठेवा. धूर, फटाके, दगड मारणं यानं आख्खं मोहोळ उठतं आणि माणसं दगावतात. माश्या उठल्याच तर सॅक टाकून, तोंड-मान झाकून पळा, जितकं लांब पळता येईल तितकं, दाट झाडीत शिरून.

साप थंडीत कमी दिसतात, पण फुरसं दगडाखाली आणि घोणस पाचोळ्यात असते. हात घालण्याआधी बघा, पडलेल्या ओंडक्यावर पाय देऊन पलीकडे पाहा, रात्री बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. दंश झालाच तर आवळपट्टी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो हात किंवा पाय काठीला बांधून हलेनासा करा, माणसाला चालवू नका, उचलून जवळच्या रस्त्यावर आणा आणि १०८ ला फोन लावा. सर्पदंशाची लस असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हे गावात शिरतानाच विचारून ठेवा. डोंगरातल्या अपघातांसाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आणि एका कागदावरही असू द्या.

वाट चुकली असं वाटलं की थांबा. खात्रीची शेवटची जागा आठवा आणि आल्या पावली तिथपर्यंत मागे जा. सापडेल वाट म्हणून ओढ्यानं खाली उतरू नका. सह्याद्रीतला ओढा पुढे कुठेतरी कड्यावरून खाली उडी घेतो, आणि तिथे ना खाली जाता येतं ना वर. उजेड जात असेल तर सपाट जागा पाहून तिथेच रात्र काढा. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवलात तर बॅटरी तीन दिवस पुरते. नेटवर्क शोधत राहिलात तर संध्याकाळपर्यंत संपते.

शौचाला पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती. सॅनिटरी पॅड आणि ओले टिश्यू पुरायचे नाहीत, जाड पिशवीत बंद करून मुंबईला परत. पाळी येणार असेल तर मुलींनी ट्रेक टाळायचं कारण नाही. पण गटप्रमुखाला तिच्या थांब्यांची गरज न विचारता कळली पाहिजे, म्हणून ही बोलणी निघण्याआधीच मोकळेपणी करा.

घरी ठेवायचा कागद

घरच्यांकडे एक कागद द्या. त्यावर रोजचा मुक्काम, प्रत्येक गावातला एक संपर्क, जीपवाल्याचा नंबर, गटातल्या सगळ्यांची नावं आणि रक्तगट. त्याखाली ठळक अक्षरात लिहा: शेवटच्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर आधी खिरेश्वरला आणि पाचनईला फोन करा, तिथून काही कळलं नाही तर ११२ ला. आई-बाबांना "काळजी करू नका" एवढंच सांगून निघालात तर त्यांनी काळजीशिवाय दुसरं काय करायचं? त्यांच्या हातात काय करायचं ते द्या.

आणि खुबी फाट्यावरून एसटीत बसलात की पहिला फोन घरी, दुसरा कुमशेतला आणि वाटाड्या मामांना. तेही वाट पाहत असतात. रात्री कितीही उशीर झाला तरी तंबू आणि स्लीपिंग बॅग गॅलरीत पसरून मगच झोपा. दवानं ओला तंबू दोन दिवस गुंडाळलेला राहिला की बुरशी धरतो, आणि भाड्याचा असेल तर डिपॉझिट परत मिळत नाही.